शटर ओढल्यावरची दहा मिनिटं

सांगलीत माझी छपाईची छोटी प्रेस आहे. ट्रेडलवर लग्नपत्रिका निघायच्या तेव्हापासून मी या धंद्यात आहे. पुढं ऑफसेट आली, डीटीपी आलं, आता निम्मं काम फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंटवाल्यांकडं गेलं. या सगळ्या वर्षांत मी सर्वांत जास्त काय छापलं असेल, तर दुसऱ्यांच्या धंद्याची पत्रकं. किराणा, शिकवणी, लेडीज टेलर, मसाला कांडप, दाताचा दवाखाना, मंगल कार्यालय. त्यामुळं छोट्या व्यावसायिकाला जाहिरात कधी सुचते हे मला ऑर्डर घेतानाच कळतं. ती दोनदाच सुचते. एकदा धंदा बसल्यावर, आणि एकदा सण तोंडावर आल्यावर.

काही वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी सातच्या सुमारास, एक वहिनी प्रेसमध्ये आल्या. घरी भडंग, चिवडा, चकली करून विकतात. पदर खोचलेला, बोटांना तिखट लागलेलं, पिशवीत दोन फोन आणि दोन्ही वाजत होते.

"भाऊ, उद्या दुपारपर्यंत दोन हजार हँडबिलं द्या. परवा पेपरातनं टाकायची आहेत."

"मजकूर?"

"तुम्हीच घाला की काहीतरी चांगलं."

मी विचारलं, रोज माल किती निघतो? "चाळीस किलो. त्याच्या वर होत नाही, आम्ही चारच बायका आहोत." बुकिंग किती झालंय? "पाडव्यापर्यंतचं सगळं गेलंय बघा."

म्हणजे नव्या गिऱ्हाइकाला द्यायला त्यांच्याकडं किलोभर माल उरलेला नव्हता आणि दोन हजार घरांना त्या बोलावणं धाडणार होत्या. त्यातली शंभर माणसं जरी आली असती, तरी रिकाम्या हातानं परत गेली असती आणि पुन्हा ती पायरी चढली नसती. मी ती ऑर्डर घेतली नाही. त्याऐवजी तळहाताएवढ्या तीनशे चिठ्ठ्या छापून दिल्या. "दिवाळीनंतरही दर सोमवारी आणि गुरुवारी ताजं भडंग मिळतं. आदल्या दिवशी या नंबरवर सांगा." एवढाच मजकूर. ती चिठ्ठी फराळाच्या प्रत्येक खोक्यात गेली. ज्यांनी पैसे देऊन माल घेतला, घरी नेऊन खाल्ला आणि पाहुण्यांसमोर ठेवला, त्यांच्याच हातात. तुळशीचं लग्न झाल्यावर त्यांच्याकडं दरवर्षी जो शुकशुकाट व्हायचा, तो त्या साली झाला नाही. पुढच्या वर्षी त्या चिठ्ठ्या छापायला आल्या त्या पितृपक्षात.

मला या प्रकरणात मुख्यतः हेच सांगायचं आहे. धंदा जोरात असतो तेव्हा जाहिरातीला वेळ नसतो, आणि खरं म्हणजे तेव्हा तिची गरजही नसते. ती करायची ती हात मोकळे असताना. एकटा माणूस गल्ला सांभाळतो, माल आणतो, उधारी मागतो आणि जीएसटीची कागदपत्रंही बघतो. त्याला जर कुणी "रोज दोन तास मार्केटिंगला द्या" असं सांगत असेल, तर त्या सांगणाऱ्यानं कधी दुकान चालवलेलं नाही. दोन तास मिळत नाहीत. दहा मिनिटं मिळतात, आणि वर्षातले काही थंड आठवडे मिळतात. एवढ्यावर भागवता येतं.

आपल्याकडचं वर्ष त्या दृष्टीनं सोयीचं आहे. प्रत्येक धंद्याचा सीझन ठरलेला असतो आणि मंदीही ठरलेली असते. माझी लग्नसराई मे अखेरीला उतरते, जूनमध्ये शाळांची पावतीपुस्तकं होतात, मग आषाढात मशिन नुसतं पुसायचं. कांडपवाल्यांचा जोर मार्च ते मे. फराळवाल्यांचा नवरात्रानंतर. पितृपक्षात नवी खरेदी करत नाहीत म्हणून व्यापारी ते पंधरा दिवस वाया गेले असं समजतात. मी म्हणतो, दिवाळी महिना-दीड महिन्याच्या पलीकडं उभी असते, हाताला काम कमी असतं, याच्याइतका चांगला काळ नाही. दरपत्रक याच पंधरवड्यात ठरवावं, जुन्या गिऱ्हाइकांची यादी याच काळात काढावी, खोक्यांचा मजकूर याच काळात प्रेसमध्ये द्यावा. फोटो मात्र गेल्या सीझनचे लागतात. भट्टी पेटलेली, चकल्यांची ताटं भरलेली, असा फोटो पितृपक्षात कुठून आणणार? तो आदल्या दिवाळीतच काढून ठेवायचा. सीझनमध्ये जाहिरातीचं एकच काम करायचं, ते म्हणजे पुढच्या सीझनसाठी फोटो काढणं.

आता त्या दहा मिनिटांकडं येतो. ती मला महापुरानं शिकवली.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. गणपती पेठ, मारुती रोड पाण्याखाली गेले. माझ्या प्रेसमध्येही पाणी शिरलं. मशिनची मोटर पुन्हा भरून घेता आली, फुगलेले कागदाचे गठ्ठे रद्दीतही गेले नाहीत, पण ते पुन्हा विकत आणता आले. जे आणता आलं नाही ते म्हणजे जॉब रजिस्टर. कुणी, कधी, काय, किती छापून घेतलं याची अकरा वर्षांची नोंद चिखलाचा गोळा होऊन बाहेर निघाली. दसऱ्याला कॅलेंडरच्या ऑर्डरी गोळा करायला निघालो तेव्हा लक्षात आलं, की मला माझी गिऱ्हाइकंच आठवत नाहीत. मोठी वीस-पंचवीस आठवत होती. बाकीची समोर आली की ओळखायची, एवढीच.

मग मी भिंती वाचत फिरलो. प्रत्येक कॅलेंडरच्या खाली बारीक अक्षरात मुद्रकाचं नाव असतं. विश्रामबाग, मिरज, माधवनगर, जिथं पाणी चढलं नव्हतं तिथल्या दुकानांत, दवाखान्यांत, पतसंस्थांत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं, खाली आमच्या प्रेसचं नाव दिसलं की वर ज्याची जाहिरात असेल त्याचं नाव टिपून घ्यायचं. आठ दिवसांत साठ-सत्तर नावं परत मिळाली. त्या आठ दिवसांत माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की मशिन ही माझी मालमत्ता दुसऱ्या नंबरची. पहिल्या नंबरची मालमत्ता ती नावं होती आणि त्यांची दुसरी प्रत मी कधी काढून ठेवली नव्हती.

तेव्हापासून शटर अर्धं ओढलं, गल्ला मोजला, की मी एक वही उघडतो. शंभर पानी साधी वही. तारीख, नाव आणि नंबर, काय काम, आणि शेवटचा रकाना: कुठून कळलं. महिन्याच्या शेवटी पानांचे फोटो काढून मुलीच्या फोनवर पाठवतो, म्हणजे पुन्हा पाणी आलं तरी नावं वाहून जाणार नाहीत. शेवटचा रकाना भरायला गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारावा लागतो, "आमच्याकडं कसं येणं झालं?" पहिले काही दिवस विचारताना जीभ अडखळते. गिऱ्हाइकाला मात्र तो प्रश्न आवडतो. कुणाच्या सांगण्यावरून आलो हे माणूस मोठ्या हौसेनं सांगतो.

तीन महिन्यांनी मी तो रकाना वाचला. स्थानिक केबलवर मी जाहिरात देत होतो. तिथून आलेलं एकही नाव नव्हतं. नऊ नावांपुढं एकाच मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाचा उल्लेख होता. कार्यालय बुक करायला आलेल्या प्रत्येक यजमानाला तो गृहस्थ आपण होऊन माझा पत्ता सांगत होता आणि मी त्याला दिवाळीला साधी मिठाईसुद्धा पाठवली नव्हती. केबलची जाहिरात मी त्या दिवशी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयात जाऊन बसलो.

पत्रकं वाटणाऱ्यांना मी आता एक युक्ती फुकट सांगतो. दोन हजार पत्रकं एकाच कागदावर छापू नका. पाचशे गुलाबी, पाचशे पिवळी, पाचशे हिरवी, पाचशे पांढरी घ्या. एकरंगी छपाईला प्लेट तीच, शाई तीच, रंगीत कागदाचे थोडे पैसे जास्त. गुलाबी विश्रामबागेत, पिवळी मिरजेत, हिरवी कुपवाडला, पांढरी गावभागात. "पत्रक घेऊन येणाऱ्याला पाव किलोवर पन्नास ग्रॅम जास्त" असं खाली लिहा आणि गल्ल्याच्या खणात परत आलेली पत्रकं साठवा. महिन्यानं रंग मोजा. कुठला भाग तुमचा आणि कुठला नाही, याचं उत्तर तुमच्याच खणात मिळतं. पुढच्या खेपेला जिथून तीनच पत्रकं परत आली तिथं छपाईचा एक रुपयाही घालू नका. मी छापणारा माणूस हे सांगतोय, कारण वाया गेलेली पत्रकं छापून घेणारं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा माझ्याकडं येत नाही.

गिऱ्हाईक कुठून येतं हे कळलं, तरी त्याच्याशी बोलायचं काय, हा प्रश्न राहतोच. "दर्जेदार सेवा, माफक दर, एकदा अवश्य भेट द्या" हा मजकूर मी इतक्या वेळा जुळवलाय की तो कुणी वाचत नाही हे खात्रीनं सांगू शकतो. याबाबतीत आमच्या जिल्ह्यातच मोठा दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं तेव्हा सायकल चालवता येणारी माणसंच नव्हती. लक्ष्मणराव मुंबईत नोकरीला होते. तिथून सायकली यायच्या आणि बेळगावात त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे आणि लोकांना चालवायलाही शिकवायचे. पुढं लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगर चांगला आहे एवढं ओरडून भागणार नव्हतं, शेतकऱ्याच्या मनातली भीती काढावी लागणार होती. १९१० मध्ये आमच्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची, मालाची, तो वापरणाऱ्यांची माहिती द्यावी म्हणून निघालेलं ते छोटं पत्र. त्याचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. मराठी वाचकाच्या घराघरांत गेलेल्या या मासिकांचं मूळ एका कारखानदाराच्या गरजेत आहे: आपल्या गिऱ्हाइकाशी नियमानं बोलत राहावं.

आपल्याला मासिक काढायचं नाही. पण त्यांनी जे केलं ते कांडपवालाही करू शकतो. माझ्या शेजारच्या गल्लीत एक कांडप आहे. एप्रिलच्या दुपारी तिथं उभं राहिलं तर पाच मिनिटांत नाक-डोळे वाहायला लागतात. मालकांच्या भुवयांपर्यंत तिखट बसलेलं, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिळ्याला टांगलेला. तो सारखा वाजतो आणि ते उचलू शकत नाहीत. मी एक दिवस त्यांच्या मुलाला फोनजवळ बसवलं आणि लोक काय विचारतात ते लिहायला सांगितलं. सगळे मिळून सहाच प्रश्न निघाले. आज चालू आहे का, लाइट आहे का, किलोला दर काय, मिरची भाजून आणायची की नुसती वाळवून, गरम मसाल्याचं सामान तिथं मिळेल का, ठेवून गेलो तर कधी मिळेल. या सहा प्रश्नांची उत्तरं ते दिवसभर, वर्षानुवर्षं, मशिनच्या आवाजात ओरडून देत आले होते. हाच त्यांचा मजकूर.

इथं फोन कामाला येतो. छोट्या धंद्यांसाठीचं व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप २०१८ पासून आहे आणि फुकट आहे. त्यात ठरावीक उत्तरं आधी लिहून ठेवता येतात. तिरपी रेघ आणि एक शब्द टाकला की पूर्ण उत्तर समोर येतं. दुकान बंद असताना आपोआप जाणारा निरोप ठेवता येतो. मालाचे फोटो आणि दर मांडून ठेवता येतात. त्या सहा उत्तरांना आम्ही एका रविवारी दीड तास दिला. भाजण्याबद्दलचं उत्तर त्यांनी स्वतः सांगितलं, मी नुसतं लिहून घेतलं: ब्याडगी किती, संकेश्वरी किती, देठं काढून दोन दिवस कडक उन्हात, आणि गरम असताना डब्यात भरू नका. ते उत्तर लोक पुढं बहिणीला, जावेला पाठवतात. खाली कांडपाचा पत्ता असतो.

ब्रॉडकास्ट यादीची एक अट पुष्कळांना ठाऊक नसते. एका यादीत २५६ नंबर घालता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून माल देताना "नंबर सेव्ह करा, पुढच्या वेळी कळवतो" हे सांगण्याला खरी किंमत आहे. जो नको म्हणेल त्याचं नाव यादीतून त्याच दिवशी काढावं. आणि न विचारता कुणाला ग्रुपमध्ये ओढू नये. रोज सकाळी सुविचार पाठवणाऱ्या दुकानदाराचा निरोप, खरोखर ताजा माल आल्याच्या दिवशीही, कुणी उघडत नाही. महिन्यातून दोनदा, सांगण्यासारखं असेल तेव्हाच, हे प्रमाण मला बरं वाटतं.

गूगलच्या नकाशावरची नोंद फुकट होते आणि तीही एकदाच नीट करावी लागते. दुकानाच्या पाटीवर जे नाव आहे तेच तिथं असावं, वेळा खऱ्या असाव्यात, सुट्टीचा दिवस बदलला तर तिथंही बदललेला असावा. महाराष्ट्रात २०२२ पासून प्रत्येक दुकानाला, कामगार कितीही कमी असोत, मराठी देवनागरी पाटी ठळकपणे लावणं कायद्यानं आवश्यक आहे. मग नकाशावरही तेच मराठी नाव घाला. पत्ता शोधत आलेल्या माणसाला दोन्हीकडं एकच नाव दिसू द्या.

पाकिटाचंही तसंच. पाकीटबंद खाद्यपदार्थावर उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन, किंमत, तारीख, अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापावाच लागतो. हा शेवटचा नंबर पुष्कळजण जागा भरायची म्हणून देतात, कुणा भाच्याचा, नाहीतर बंद पडलेला. मी प्रूफ तपासताना तो नंबर स्वतः लावून बघतो. कायद्यानं तुम्हाला प्रत्येक पाकिटावर आपला नंबर छापायला लावलंय, तर तो ऑर्डर घेणाराच नंबर असू दे.

हे सगळं दुसऱ्याला देऊन मोकळं होता येईल का? मी एकदा दिलं होतं. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेऊन एका संस्थेनं माझ्या प्रेसची सोशल मीडियावरची पानं चालवली. प्रत्येक सणाला शुभेच्छांचं रंगीत चित्र यायचं, खाली आमचं नाव. सहा महिन्यांत एका माणसानंही ते बघून काम आणलं नाही. माझ्या प्रेसमध्ये पत्रिकेसाठी कुठले कागद आहेत, शंभर पत्रिका किती दिवसांत मिळतात, मजकुरात आजी-आजोबांची नावं कशा क्रमानं घालायची, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं आणि मीही बसून सांगितलं नव्हतं. आता मी फोटो काढून घेतो, डिझाइन करून घेतो, त्याचे चोख पैसे देतो. काय बोलायचं ते मात्र मीच ठरवतो, आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारीला उत्तर मीच देतो. मालकानं ही दोन कामं सोडू नयेत.

मराठी छोट्या व्यावसायिकाला "आपला माल बोलेल" यावर फार भिस्त ठेवायची सवय आहे. माल चांगला असलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. पण त्या भडंगवाल्या वहिनींचा माल पहिल्या दिवसापासून चांगला होता, तरी कार्तिक संपता संपता चार बायकांना घरी बसावं लागायचं. आता त्यातल्या दोघी वर्षभर कामाला येतात. तीनशे चिठ्ठ्या, एक वही आणि पितृपक्षातले चार दिवस, एवढा त्याचा खर्च होता.

आज रात्री शटर ओढल्यावर एक वही घ्या आणि दिवसभरात आलेली पाच नावं आठवून लिहा. पाच आठवली नाहीत, तर जेवढी आठवतील तेवढी लिहा. उद्या पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याला विचारा, आमच्याकडं कसं येणं झालं?